रविवारी वाजलेली गिरणी

“इंजिन काढू नका भाऊ. आवाज गया तं गाव इसरी जाई.”

रूपचंद मिस्तरी माझ्या मालकांना असं म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, हा माणूस जन्मभर काळ्या तेलात हात घालून बसलेला, याला तेलाचीच माया. माझ्यासाठी नवीकोरी विजेची मोटर आली होती. धूर नाही, धडधड नाही, हँडल फिरवून कुणाच्या खांद्याची वाट लागणं नाही. बटण दाबलं की पट्टा गुमान फिरू लागणार होता. मला वाटलं, आता मी शहाणी झाले, शहरातल्यासारखी झाले.

मित्रांनो, मी एक जुनी भाताची गिरणी आहे आणि ते हसू मला फार महागात पडलं. माझ्यापेक्षाही माझ्या मालकांना. माझं आयुष्य सांगायचं तर त्यांचंच सांगावं लागेल, कारण वीरसिंगदादांना वगळून माझ्याकडे सांगण्यासारखं लोखंडाशिवाय काही नाही.

मी ओतली गेले राजकोटच्या एका भट्टीत. पहिली काही वर्षं गुजरातेतच, व्याऱ्याला एका मालकाकडे होते. तिथे माझा एक पाय तडकला, तेव्हा मला उचलून गोठ्यामागे टाकलं. माझ्या नरसाळ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. दुष्काळाच्या आधीच्या साली एक तिशीतला सावळा, उंच माणूस आला, माझ्याभोवती तीन वेळा फिरला आणि तडकलेल्या पायावर त्याने हात ठेवला. “लंगडी आहे,” व्याऱ्याचा मालक म्हणाला. “भात काय पायाने कांडते?” त्या माणसाने विचारलं. तेच वीरसिंगदादा.

बैलगाडीतून दोन दिवसांनी मी सीमा ओलांडून नवापूर तालुक्यात आले. चिंचपाड्याच्या पुढे, टेकड्यांच्या पोटात आमचं गाव आहे. इथली माणसं घरात मावची बोलतात, बाजारात गुजराती आणि कचेरीत गेली की मराठी. त्यांचं बोलणं मी तुम्हाला मराठीतच सांगते, एरवी तुमची आणि माझी दोघांचीही पंचाईत व्हायची. रूपचंद मिस्तरींची अहिराणी तेवढी तशीच ठेवते.

तोवर आमच्या भागातल्या बाया पहाटे उठून उखळात भात कांडत. दादांची बायको पारुबाई तर तळहातावरचे घट्टे दाखवून म्हणायची, हे माझं माहेरचं सोनं. मला पत्र्याच्या खोलीत बसवलं, तडकलेल्या पायाला लोखंडी पट्टी ठोकली, शेजारी डिझेलचं इंजिन उभं केलं. दादांनी टोपी काढून माझ्यासमोर प्रार्थना केली. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत आटपेल. इंजिन गार पडलं तरी ‘आमेन’ येईना. शेवटी पारुबाईने सुपातला भात माझ्या नरसाळ्यात ओतून टाकला, तेव्हा ते थांबले. त्या पहिल्या भाताचा एक दाणाही घरी शिजला नाही. सगळा तांदूळ चर्चच्या हंगामाच्या सणाला गेला.

आणि माझा आवाज? तो काय सांगू तुम्हाला. इंजिनच्या धुराड्यावर रूपचंद मिस्तरींनी एक भाजलेलं मडकं उपडं बसवलं होतं, त्याच्या बुडाला भोक पाडून. त्यातून पुक् पुक् पुक् असा आवाज निघायचा, तो तीन टेकड्यांपलीकडे जायचा. पुकपुक ऐकू आली की बाया डोक्यावर भाताची पोती घेऊन निघत. ऐकू आली नाही की म्हणत, आज दादांकडे काहीतरी झालंय. संध्याकाळपर्यंत कुणीतरी विचारायला येऊन जाई. एकदा दादांना हिवताप झाला, मी दोन दिवस बंद होते, तर सात पाड्यांतली माणसं अंगणात बसली होती. त्यांना कुणी निरोप धाडला नव्हता. माझ्या गप्प बसण्यानेच त्यांना बोलावलं होतं. पण हे मला तेव्हा उमगलं नाही. मला वाटायचं, माझं काम तांदूळ काढणं. आवाज म्हणजे नुसता कटकटीचा भाग.

दादांनी माझ्या जोरावर तूरडाळ भरडायची चक्की घातली, मग मळणीयंत्र घेतलं. आमच्या टेकड्यांवरची तूर सुरतपर्यंत नेणारे ते गावातले पहिले. त्यांच्याकडे कुणी जात, कुळी, देव विचारला नाही. वाघदेवाच्या पूजेचा तांदूळही मीच कांडला आणि नाताळच्या जेवणाचाही. चर्चचे ते वडील, म्हणजे मंडळीने, चर्चच्या सगळ्या लोकांनी, निवडलेले जाणते. दहा वर्षं सरपंचही होते. नाल्यावर पूल हवा म्हणून अर्ज देऊन देऊन कंटाळले, तेव्हा त्यांनी इंजिनियरसाहेबांना घरी जेवायला बोलावलं. तेही भर पावसाळ्यात. साहेब बूट हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आले. जेवले, पान खाल्लं आणि त्याच वाटेने परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात पूल झाला.

पण त्यांची खरी ओळख रविवारी पटायची. रविवारी मी बंद. काही झालं तरी बंद. दादा त्या दिवशी पान्यालासुद्धा हात लावत नसत. एकदा ऐन हंगामात नवापूरचा एक मोठा व्यापारी शनिवारी संध्याकाळी ट्रक घेऊन दारात आला. म्हणाला, उद्या दिवसभर गिरणी चालव, नाहीतर हा ट्रक पुन्हा तुझ्या दारात दिसणार नाही. दादा म्हणाले, “उद्या मला काम आहे.” तो म्हणाला, सुट्टी म्हण की. दादा म्हणाले, “सुट्टी नाही, काम.”

ट्रक दोन हंगाम दिसला नाही. पारुबाई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची आणि नवऱ्याकडे बघायची नाही. तिसऱ्या हंगामात ट्रक आला. माणूस दुसरा होता, ट्रक तोच.

आता ते काम काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. उपासना संपली की दादा चर्चच्या दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “आज कोण नव्हतं?” मग जे आले नव्हते त्यांच्या घरी जात. ऊन असो, चिखल असो. कुणी आजारी असे, कुणी रुसलेलं, कुणी पिऊन पडलेलं. दादा ओरडत नसत. ओट्यावर बसून पाणी मागत आणि म्हणत, “तू दिसला नाहीस, म्हणून आलो.” एवढंच. गावात असले की हा नेम पन्नास वर्षांत एका रविवारी चुकला नाही. शेजारच्या मंडळ्यांतही त्यांना बोलावणी असायची. सोनगड, आहवा, कुठे कुठे. कधी सभेला, कधी मातीला. म्हणून एखाद्या रविवारी ते आपल्या चर्चमध्ये दिसले नाहीत तरी लोक म्हणत, दादा कुठेतरी गेले असतील.

वर्षं गेली. मोटर आली, मडकं फुटलं, इंजिन कोपऱ्यात ढकललं गेलं. मी गुमान फिरू लागले. रूपचंद मिस्तरींचं बोलणं मी विसरले आणि गाव मला विसरू लागलं. आधी घराघरात छोट्या घरगुती चक्क्या आल्या. मग दुकानात पिशवीतला पांढरा तांदूळ आला. मुलगा जोएल सुरतला नोकरीला लागला, चौथ्या मजल्यावर राहू लागला. पारुबाई चार वर्षांपूर्वी गेली. दादा सत्त्याऐंशी वर्षांचे झाले. तरी रोज सकाळी ते माझं दार उघडत, पट्ट्याला हात लावत, दारासमोर मूठभर कणी टाकत. कोंबड्या तेवढ्या नेमाने येत.

आणि एक प्रिस्किला येई. हिचं घर माझ्या मागच्या वाफ्यापलीकडे. नवापूरच्या कॉलेजातून शिकलेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. ही पोरगी काळजीखोर. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणार. बाळ जागं झालं की का जागं झालं म्हणून घाबरणार. तिची सासू धनुबाई माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायची, “आमची सून पंधरावी शिकली आणि भीती घेऊन आली. माझी चार पोरं शेताच्या बांधावर वाढली, मी कुणाचा श्वास मोजला नाही.” प्रिस्किला हसून घ्यायची. पण दादांना ती एकदा हळूच म्हणाली होती, “दादा, तुम्ही एकटे असता. फोन तरी खिशात ठेवत जा.” दादा म्हणाले, “खिशात ठेवला की वाजतो गं तो.”

मागच्या वर्षी, नाताळाला महिना उरला असताना, एका शनिवारी दिवस मावळायच्या सुमाराला दादा मला पुसायला आले. दर शनिवारी येत. कोंबड्या कोंड्यात शिरतात म्हणून त्यांनी दार आतून लावून घेतलं. स्टुलावर चढून माझं नरसाळं पुसलं. उतरताना पाय कोंड्याच्या भुशीवर पडला आणि सरकला. आधाराला धरलेलं नरसाळं निखळलं आणि त्याच्यासकट ते माझ्या अंगावरून घसरत खाली आले. हाड मोडल्याचा आवाज लहान असतो. मी ऐकला.

फोन घरात चार्जिंगला होता. दादांनी हाका मारल्या. त्यांचा आवाज दाराच्या फटीतून बाहेर पडून रस्त्यापर्यंतही पोहोचला नसेल. आणि मी, तीन टेकड्यांपलीकडची माणसं गोळा करणारी मी, त्यांच्या शेजारी मुकी उभी. मोटरीचं बटण भिंतीवर होतं, दादांच्या हातापासून चार हात वर. तेव्हा मला रूपचंद मिस्तरी आठवले. त्या दिवसापासून मी हसलेले नाही.

रात्री जोएलचा फोन घरात वाजत राहिला. उचलला नाही तेव्हा त्याला वाटलं, पप्पा झोपले असतील.

सकाळी नऊला चर्चमध्ये गाणी सुरू झाली. तो मोठा भोंगा दादांनीच वर्गणी जमवून आणलेला. त्या गाण्यांखाली दादांची हाक पार बुडाली. माझ्या दारावरून शंभर माणसं उपासनेला गेली असतील. दाराला बाहेरून कुलूप नाही, हे कुणी पाहिलं नाही. दादांची बाकावरची जागा रिकामी होती, तीही सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांना एकच वाटलं: सभांचे दिवस आहेत, दादा कुठेतरी गेले असतील. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तर प्रार्थनेत ‘प्रवासात असलेल्या आमच्या वडिलांना सांभाळ’ असंही म्हटलं. मित्रांनो, कुणाचीही नियत वाईट नव्हती. उपासना संपली, लोक बाहेर पडले. दाराशी “आज कोण नव्हतं?” असं विचारायला कुणी उभं नव्हतं. विचारणाराच नव्हता, हे कुणाच्या ध्यानात येणार?

उपासना चालू होती, तेव्हा इकडे काय झालं ते ऐका. रात्रभर अंधारात न दिसलेला माझा मोठा पाना दाराच्या फटीतून ऊन आल्यावर दादांना हाताशी दिसला. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा मागे घेतला. घसा कोरडा, पाय मोडलेला, थंडीने ओठ काळे पडलेले, आणि हा माणूस रविवारी पाना उचलावा की नाही याचा विचार करतोय. मला बोलता येत असतं तर मी किंचाळले असते, दादा, मला मारा. शेवटी त्यांनी डोळे मिटले, “माफ कर” म्हणाले आणि पाना उचलून शेजारी पडलेल्या माझ्या पत्र्याच्या नरसाळ्यावर घातला. टण्ण.

तीस वर्षांनी मला आवाज फुटला. पुकपुक नव्हे, पण माझा आवाज. दादा दमायचे, थांबायचे, पुन्हा मारायचे. पत्र्याला पोचे पडले. पडू देत. मी सगळा जीव त्या पत्र्यात आणला.

प्रिस्किलाच्या मुलीला रात्रीपासून ताप होता म्हणून ती त्या दिवशी चर्चला गेली नव्हती. जाताना सासूने टोमणाही मारला होता की, एवढ्याशा तापाला घर धरून बसायचं असतं का. ती बाळाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. टण्ण ऐकून तिला वाटलं, दादा गिरणी दुरुस्त करताहेत. पुन्हा टण्ण. तिने पट्टी पिळली आणि पिळता पिळता तिचा हात थांबला.

लहानपणी तिच्या माहेरी, इथल्याच एका पाड्यावर, तिच्या बापाचं मळणीयंत्र एकदा रविवारी अडकलं होतं. आभाळ भरून आलेलं, मळणी उघड्यावर. बाप दादांकडे पाना मागायला गेला होता. दादा म्हणाले होते, उद्या कोंबडं आरवायच्या आत मीच घेऊन येतो, आज नाही. आणि खरोखर तसे आले होते.

ती बाळाला शालीत गुंडाळून वाफ्यातूनच पळत निघाली. रस्त्यावर भीमसिंग मोटरसायकलला टेकून तंबाखू मळत उभा होता. तो वाघदेवाला मानणारा, त्याला रविवारचं सोयरसुतक नाही. तिने धापा टाकत विचारलं, हा आवाज कधीपासून? तो म्हणाला, “म्हातारा मघापासून ठोकतोय. तुला काय झालं पळायला?”

“भीमसिंगकाका, आज वार कोणता?”

भीमसिंगने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या दाराकडे पाहिलं. पन्नास वर्षं या गावात राहून, चर्चची पायरी न चढताही, दादांचा रविवार त्याला ठाऊक होता. हातातली तंबाखू त्याने तशीच खाली टाकली. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

दादांच्या हातात पाना होता. त्यांनी डोळे उघडले, दारातल्या उजेडात प्रिस्किलाला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “बाय, तू आज उपासनेला नव्हतीस? मी दुपारी येणारच होतो.”

प्रिस्किला तिथेच कोंड्यात बसली आणि रडू लागली. दादांनी पान्याकडे नजर वळवली. “देवाला सांग,” ते म्हणाले, “गिरणी चालवली नाही. नुसती वाजवली.”

चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात त्यांच्या मांडीत सळई बसवली. मंडळीतले लोक रांगेने भेटायला गेले, आणि जो तो मान खाली घालून एकच सांगू लागला, आम्हाला वाटलं तुम्ही सभेला गेलात. दादांनी कुणाला बोल लावला नाही. धनुबाईने मात्र सगळ्यांसमोर सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग, सवयीप्रमाणे, पोरीला एवढ्या थंडीत बाहेर का काढलीस म्हणून रागावली.

दवाखान्यात येऊन गेलेला जोएल पंधरा दिवसांनी, दादा घरी आल्यावर, पुन्हा आला. चांगला मुलगा आहे तो, घाबरला होता. पप्पांना सुरतला न्यायचं त्याने ठरवलंच होतं. सोबत एक भंगारवाला आणला होता. त्याने मला पायाने ढोसलं. मी हलले नाही. मुळात मला हलवायला सहा माणसं लागतात, आणि त्या दिवशी साठ आली असती तरी मी हलले नसते. दादा खाटेवर होते, पाय उशीवर. ते म्हणाले, “मला नेतोस तर हिलाही ने. तुझ्या चौथ्या मजल्यावर जागा आहे?”

“पप्पा, हट्ट करू नका. इथे तुम्हाला कोण बघणार?”

“जे बघायचे नाहीत ते आता शिकतील. म्हाताऱ्याला गावातून उचलला तर गाव कधी शिकणार?”

मग दाराशी उभी असलेली प्रिस्किला म्हणाली की, कोपऱ्यातलं जुनं इंजिन सुरू होईल का ते तरी बघू या. मोटरीला आवाज नाही. इंजिन सुरू झालं की गावाला कळेल दादा उठले, नाही झालं की कळेल नाही उठले. भंगारवाला हसला. दादा हसले नाहीत. त्यांनी जोएलला मोटरसायकलवरून नंदुरबारकडे पिटाळलं, रूपचंद मिस्तरींना शोधायला.

मिस्तरी आले. पंचाऐंशीचे झालेले, हात थरथरणारे, नातवाच्या मागे बसून. इंजिनभोवती फिरले, माझ्या पोचे पडलेल्या नरसाळ्यावरून त्यांनी बोटं फिरवली. “मी तवयच सांगेल व्हतं,” ते दादांना म्हणाले. “तीस वरीस उशीर कया तुम्ही.” दादा म्हणाले, “उशीर झाला, पण आलात.” तीन दिवस नातवाचे हात आणि आजोबांचं तोंड चाललं. चौथ्या दिवशी धुराड्यावर नवं मडकं बसलं. पुक्. पुक् पुक्. टेकडीवरून कुणीतरी आरोळी दिली.

जोएलने भंगारवाल्याला आधीच वाटेला लावलं होतं. माझ्या नरसाळ्याचे पोचेही काढू का, असं मिस्तरींच्या नातवाने विचारलं. दादा नको म्हणाले. माझंही तेच उत्तर होतं. ज्यांना मी भंगार वाटते त्यांनी येऊन ते पोचे बघावेत. गुळगुळीत पत्र्याने कुणाचा जीव वाचवलेला नाही.

आता रोज सकाळी सात वाजता कुणीतरी हँडल मारतं, कधी भीमसिंग, कधी प्रिस्किलाचा नवरा. दादा काठी टेकून बाजूला उभे राहून सांगतात, असं नाही, असं. भात असो नसो, मी पाच मिनिटं बोलते. डिझेल फुकट जातं, असं काही जण म्हणतात. जाऊ दे. माणूस फुकट जाण्यापेक्षा बरं.

आणि रविवारी? रविवारी मी बंद. दादांचा नेम आहे, तो कुणाच्या हाडासाठी मोडणार नाही. इतकंच की रविवारी माझा आवाज नसतो, म्हणून कुणाला तरी स्वतःच्या पायांनी यावं लागतं. उपासनेनंतर आता चर्चच्या दाराशी प्रिस्किला उभी राहते, कडेवर मुलगी घेऊन. ती विचारते, “आज कोण नव्हतं?” आणि दादा समोर बसलेले दिसत असले तरी त्यांचं नाव ती सगळ्यात आधी घेते.

म्हणून मित्रांनो, मी तुम्हाला माझी निगा राखा असं म्हणणार नाही. माझं मी बघेन. मी एवढंच विचारते: तुमच्याकडे ताप आला, कुणी गेलं, कुणी रुसलं, की सगळ्यांच्या आधी तुमच्या ओट्यावर येऊन पाणी मागणारं माणूस कोण? त्याच्या ओट्यावर तुम्ही शेवटचे कधी बसला होता? तो कुठेतरी गेला असेल, असं मनात आलं असेल, तर आत्ताच उठा. फोन नको, फोन घरात चार्जिंगला असतो. चपला घाला आणि जा. दाराला बाहेरून कुलूप आहे का ते बघा. नसेल तर ठोठावा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.